दहा बाय बाराच्या खोलीतलं गाणं

तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड कोरडे सेल बनवणाऱ्या कारखान्यांना जातं. ट्रान्झिस्टरच्या जमान्यात जे सेल लोक उन्हात ठेवून पुन्हा पुन्हा चालवत, त्यातल्या काहींच्या पोटात आपल्याच तालुक्याचं खनिज असणार. त्या सेलांवर नागपूर आकाशवाणीचं ५८५ किलोहर्ट्झ लागायचं. मग टेप आले, दोन बॉक्सवाले डेक आले. हौशी माणसं रिकाम्या माठाच्या तोंडावर स्पीकर बसवून तो कोपऱ्यात ठेवत. त्याचा आवाज लोकांना आवडायचा त्याला कारणही होतं. पातळ प्लायचा डबा गाण्याबरोबर थरथरतो, भाजलेल्या मातीची भिंत तेवढी थरथरत नाही. त्यानंतर पाच बारीक डब्यांचं आणि एका मोठ्या सब-वूफरचं होम थिएटर आलं, आणि आता बहुतेक घरांत गाणं फोनच्या खालच्या छिद्रातून ऐकलं जातं.

दोन चांगले स्पीकर आणि एक अँप्लिफायर घरी असावा, असं वाटणारे लोक मात्र आहेत. घराला नुकताच स्लॅब पडलेला असतो, बैठकीची खोली दहा बाय बारा, फार तर बारा बाय चौदा. टीव्हीच्या बातम्या नीट ऐकू याव्यात, रात्री जुनी गाणी लावता यावीत आणि खर्च पंचवीस-तीस हजारांच्या वर जाऊ नये, एवढीच अपेक्षा. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो वॅटचा. माझं म्हणणं असं की तो सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. लहान खोलीला ताकद फार थोडी लागते. तिला लागतो तो माणसाचा गळा खरा वाटेल असा स्पीकर, आणि त्याला नीट जागा.

वॅटचा हिशेब एकदा समजून घेतला की बरेच पैसे वाचतात. स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो, समजा ८६ डेसिबल. एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज येईल, असा त्याचा अर्थ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर मिळून साधारण ३ डेसिबल परत मिळतात, आणि बंद खोलीच्या भिंती आणखी थोडी भर घालतात. म्हणजे दोन मीटरवर दिवाणावर बसलेल्या माणसाला एकेक वॅटमध्ये ८३ डेसिबलच्या वर आवाज मिळतो. घरात आपण गाणं ७०-७५ डेसिबलला ऐकतो. त्याला वॅटचा दहावा हिस्सा पुरतो. तबल्याची थाप किंवा तार सप्तकातली तान क्षणभर पंधरा-वीस डेसिबल वर उसळते, तेव्हा पाच-दहा वॅट लागतात. खरे वीस-तीस वॅट असले की या खोलीत कधीच काही कमी पडत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढवायला वॅट दुप्पट करावे लागतात. म्हणून पन्नासच्या जागी शंभर वॅट घेतल्याने कानाला जेमतेम जाणवेल एवढाच फरक पडतो.

खरे वॅट म्हणजे आरएमएस म्हणून लिहिलेले, आणि तेही किती ओहमला, किती विकृतीसह हे सांगितलेले. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'पीएमपीओ'चा हजारांचा आकडा कुठल्याच ठरलेल्या पद्धतीने मोजलेला नसतो. अशा फुगवलेल्या आकड्यांना वैतागून अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने १९७४ मध्येच अँप्लिफायरची ताकद कशी सांगायची याचा नियम केला. आपल्याकडे ग्राहकानेच तो नियम स्वतःपुरता पाळावा: ज्याच्यावर आरएमएस लिहिलेलं नाही, त्याचा आकडा वाचूच नये.

आता स्पीकर. तीस हजारांतला निम्म्याहून जास्त पैसा इथे जावा, कारण बजेटमधले बरे अँप्लिफायर एकमेकांपासून फारसे वेगळे वाजत नाहीत, स्पीकर मात्र जमीन-अस्मानाइतके वेगळे वाजतात. आकार लहान म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. उंची जेमतेम एक फूट, डबा बंद, वूफर पाच इंची. गाडीत जागा नव्हती, आणि निवेदकाचा आवाज जसा आहे तसाच कळणं गरजेचं होतं. समोर बोलणारा माणूस आणि स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज शेजारी ठेवून ते पारखत. खोल खर्जाचा थोडा त्याग करून त्यांनी बोलणं सांभाळलं. पन्नास वर्षांनंतरही जगभर तो डबा मानाने ऐकला जातो. लहान घरासाठी हीच दिशा बरोबर आहे.

त्यागाची भीतीही वाटून घेऊ नये. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला असेल तर तो सुमारे १३८ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झ. पाच इंची वूफरचा चांगला स्पीकर ६०-६५ हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरतो. वसंतराव देशपांड्यांचं गाणं, लावणीची ढोलकी, हार्मोनियम, बातम्या, जुने सिनेमे, सगळं त्यात बसतं. त्याखाली जे उरतं ते मुख्यतः लग्नाच्या डीजेचं, आणि ते दहा बाय बाराच्या खोलीत आणावं असं मला तरी वाटत नाही.

नावंच हवी असतील तर ब्रिटनच्या वॉर्फडेलची 'डायमंड' मालिका १९८२ पासून याच कामासाठी ओळखली जाते. तिच्यातल्या १२.१ या जोडीचा वूफर १३० मिलिमीटरचा, सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल आणि भार ८ ओहमचा आहे. बजेट थोडं ताणता आलं तर तो एक चांगला मापदंड धरावा, आणि पोल्क, डाली, यामाहा यांच्या लहान जोड्या त्याच्या शेजारी ठेवून ऐकाव्यात. दर सणासुदीला हलतात, म्हणून आकडे छापत नाही.

नागपूरला जाणं झालं आणि दुकानदार ऐकवायला तयार असला, तर त्याने लावलेलं डेमोचं गाणं बाजूला ठेवून आपली गाणी लावायला सांगा. डेमोच्या गाण्यात काचा फुटतात, विमानं जातात, आणि त्यातून काहीच कळत नाही. काच फुटण्याचा आवाज खरा की खोटा हे कोण सांगणार? माणसाचा आवाज मात्र प्रत्येकाला पाठ असतो. बातम्या वाचणारी बाई नाकात बोलतेय असं वाटलं, 'स' आणि 'श' टोचायला लागले, पुरुषाचा आवाज पिंपातून आल्यासारखा घुमला, तर ती जोडी परत ठेवा. झाडीपट्टीतल्या माणसाचे कान या बाबतीत तयार असतात. दिवाळीनंतर गावोगावी नाटकं लागतात, दंडार होते, खडी गंमत होते. देवळात भजनी मंडळ बसतं तेव्हा टाळ, ढोलक आणि पेटी माइकशिवाय हाताच्या अंतरावरून ऐकलेली असते. टाळाचा आवाज स्पीकरमधून पत्र्यासारखा आला की ते लगेच कळतं. त्या ओळखीवर भरवसा ठेवावा.

खरेदी करताना डोळ्यांनी बघण्यासारख्याही दोन-चार गोष्टी आहेत, आणि आपल्या हवेत त्या महत्त्वाच्या ठरतात. वूफरच्या कडेची गोल पट्टी रबराची असावी. फोमची पट्टी दहा-पंधरा वर्षांत उष्म्याने आणि दमटपणाने भुगा होऊन गळते. आजकालचे बहुतेक डबे एमडीएफचे असतात. एमडीएफ पाणी प्यायलं की फुगतं आणि परत बसत नाही, म्हणून पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला ते टेकवू नयेत, जमिनीवर ठेवू नयेत. घरात धानाची पोती असतील तर उंदीर असणारच. डब्याच्या मागच्या छिद्राला, म्हणजे पोर्टला, विरळ जाळी लावून घ्यावी. आवाजाला त्याने काही होत नाही.

आणि कूलर. विदर्भात एप्रिल ते जून बैठकीत कूलर चालू असतो, आणि त्याची घरघर हेच खोलीतलं सगळ्यात मोठं वाद्य असतं. त्याच्यावर मात करायला आवाज वाढवत नेणं हा तोट्याचा सौदा आहे. कूलरचं तोंड ऐकणाऱ्याकडे असावं पण स्पीकर त्याच्या झोतात नसावेत, कारण त्या हवेत पाणी असतं. गाणं मन लावून ऐकायचं तर तेवढा वेळ पंख्याची गती कमी करावी.

स्पीकर घरी आले की निम्मं काम उरलेलं असतं. ते काम फुकट आहे, आणि लोक तेच सोडतात. बंद खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून फुगतात. दहा फुटांच्या अंतरात तो सूर साधारण ५६ हर्ट्झचा, बारा फुटांच्या अंतरात ४७ चा. खोली दहा बाय दहा असेल आणि स्लॅबही दहा फुटांवर असेल, तर तिन्ही दिशांचा सूर एकच होतो आणि खालचा आवाज ढोलासारखा एकाच जागी बडवला जातो. खोलीचा आकार कुणी बदलू शकत नाही, पण दहा बाय बारा आणि दहा बाय दहा अशा दोन खोल्यांतून निवड करायची असेल तर पहिली घ्यावी. जुन्या कवेलूच्या घरांत हा त्रास कमी जाणवतो. उतरतं छप्पर जमिनीला समांतर नसतं, आणि कवेलूंच्या फटींतून बराच आवाज बाहेर निघून जातो. नव्या स्लॅबच्या, टाइल्स लावलेल्या, रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा. टाळीच्या मागून पत्र्यासारखी झणझण ऐकू आली, तर आधी खाली जाड सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा. लोखंडी कपाट उलट स्वतःच वाजतं. त्याच्या दारात जाड कापड खोचावं लागतं.

स्पीकर कोपऱ्यात ठेवू नयेत. खालच्या सुरांसाठी जवळची प्रत्येक भिंत ६ डेसिबलपर्यंत भर घालते. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात, म्हणून आवाज घुमतो आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. मागच्या भिंतीपासून फूटभर तरी अंतर हवं. तेवढी जागाच नसेल तर पोर्ट पुढच्या बाजूला असलेला किंवा डबा पूर्ण बंद असलेला स्पीकर निवडावा, किंवा मागच्या पोर्टमध्ये फोमचा बोळा खोचावा. दोघांत पाच-सहा फूट अंतर, आणि ऐकणारा त्याहून किंचित जास्त अंतरावर. वरचा लहान स्पीकर, म्हणजे ट्वीटर, ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर यावा. खुर्चीवर बसणाऱ्याचे कान साधारण एक मीटरवर असतात, सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्याचे पाऊण मीटरवर. आपल्याकडे गाणं ऐकायला माणसं खाली बसतात, हे लक्षात ठेवून स्टँडची उंची ठरवावी. दिवाण मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तो वीतभर पुढे ओढावा आणि डोक्यामागे उशा किंवा गोधडी ठेवावी.

स्टँड विकत आणायची गरज नाही. वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचे दोन करून घ्यावेत, वर आणि खाली जाड पत्र्याची पट्टी. पाइपमध्ये कोरडी, चाळलेली वाळू भरावी. पोकळ पाइप गाण्याबरोबर घंटेसारखा वाजतो, वाळूने तो गप्प होतो. वैनगंगा आणि बावनथडीच्या काठच्या माणसाला वाळू कुठली चांगली हे मी सांगायला नको. फक्त ती उन्हात पूर्ण वाळवावी, नाहीतर पाइप आतून गंजतो.

आता अँप्लिफायर. रिसीव्हरमध्ये अँप्लिफायरच्याच पोटात रेडिओही असतो, एवढाच फरक. तो रेडिओ तुम्हाला हवा का, हे आधी ठरवा. एफएमच्या लहरी साधारण दृष्टीच्या रेषेत जातात, त्यामुळे लांबचं केंद्र खोलीत लोंबणाऱ्या वायरवर खरखरतं. अशा वेळी स्टिरिओचं बटण मोनोवर केलं तर खरखर बरीच ओसरते, आणि गच्चीवर अँटेना लावला तर आणखी. पण आकाशवाणीच्या वाहिन्या आता 'न्यूज ऑन एअर' या अॅपवर मिळतात, त्यामुळे फक्त रेडिओसाठी जास्त पैसे मोजावेत असं नाही.

जोडण्या मात्र नीट बघाव्यात. नव्या अनेक टीव्हींना मागे लाल-पांढऱ्या पिनांची जागा नसते, आवाज ऑप्टिकल किंवा एचडीएमआयमधून बाहेर येतो. यामाहाचा आर-एस २०२ हा साधा, भरवशाचा रिसीव्हर आहे. शंभर-शंभर वॅट, एफएम, ब्लूटूथ, दोन जोड्या स्पीकर लावायची सोय. पण त्याला ऑप्टिकल जोडणी नाही, रेकॉर्ड प्लेअरची थेट जोडणीही नाही. तो घेतला तर ऑप्टिकलमधून लाल-पांढऱ्या पिना देणारा लहान कन्व्हर्टर घ्यावा लागतो, तो काही शेकड्यांत मिळतो. ऑप्टिकलचा एक मोठा गुण म्हणजे तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. डिशची किंवा केबलची वायर टीव्हीला लागली की पुष्कळदा स्पीकरमधून बारीक 'हूंऽऽ' येत राहतं, कारण दोन वेगळ्या अर्थिंगमधून वीज फिरते. ऑप्टिकलने तो फेरा तुटतो.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेल्यावर जुन्या पद्धतीचा अँप्लिफायर चांगलाच तापतो. त्याच्या वर वीतभर मोकळी जागा ठेवावी, त्यावर सेट-टॉप बॉक्स किंवा विणलेला रुमाल ठेवू नये. इथे नवे 'क्लास डी'चे छोटे अँप्लिफायर फार उपयोगी पडतात. मूठभर आकाराचे, कमी तापणारे, दोन-पाच हजारांत येणारे. त्यातल्या अनेकांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ ही चिप असते. खोक्यावर पन्नास-शंभर वॅट लिहिलेले असतात, पण खरी ताकद सोबतच्या अडॅप्टरवर ठरते. १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर ८ ओहमच्या स्पीकरला साधारण वीस वॅट मिळतात. वरच्या हिशेबात आपल्याला तेवढेच हवे होते. तीस हजारांत मी स्वतः याच वाटेने जाईन: छोटा क्लास डी अँप्लिफायर, आणि वाचलेले सगळे पैसे स्पीकरमध्ये.

गावातला रेडिओ मेकॅनिक असेंबल करून देतो तो अँप्लिफायरही टाकाऊ नसतो. सान्योच्या एलए४४४० या आयसीवर बनवलेले लाखो डबे देशभर वाजले असतील. बारा व्होल्टवर चालतो, वीज गेली तर बॅटरीवर लावता येतो, चॅनेलमागे सहा वॅटच्या आसपास देतो, आणि बिघडला तर इथेच दुरुस्त होतो. सेन्सिटिव्ह स्पीकर मिळाला तर लहान खोलीत तो पुरेसा होतो. बसवणाऱ्याचा हात साफ हवा, एवढीच अट.

अँप्लिफायर वेगळा नकोच असेल, तर तो आतच बसवलेले 'अॅक्टिव्ह' स्पीकर मिळतात. एडिफायर आर१२८०डीबी हे त्याचं परिचित उदाहरण: चार इंची वूफर, २१-२१ वॅट, ब्लूटूथ आणि ऑप्टिकल दोन्ही. ज्याचं बजेट बारा-पंधरा हजारांवर थांबतं त्याने इतर काही शोधू नये. एकच गोष्ट, आतला अँप्लिफायर गेला की स्पीकरही अडकून पडतो.

वायरवर पैसे घालवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास भरतो, आणि आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. त्यापेक्षा एकाच जुन्या गाण्याच्या यूट्यूबवरच्या दोन अपलोडमध्ये जास्त फरक ऐकू येतो, म्हणून चांगली प्रत शोधण्यात वेळ घालवावा.

जोडताना अँप्लिफायर बंद हवा, वायरचे सुटे धागे एकमेकांना लागलेले नकोत, आणि दोन्ही बाजूंना लाल तो लाल, काळा तो काळा. यात एका बाजूला उलट झालं तर काही जळत नाही, पण गाणं विस्कटतं. ते ओळखायला जुनी मराठी गाणी हाच सर्वांत चांगला उपाय आहे. स्टिरिओची मूळ कल्पना ईएमआयच्या अॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये पेटंटसाठी मांडली, पण स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्याआधीचं सगळं मोनो. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चाललेलं गदिमा आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायणही मोनोच होतं. मोनो गाण्यात दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येतो. त्यामुळे जोडणी बरोबर असेल तर गाणारा दोघांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, उभा राहतो. तो मध्ये न येता सगळ्या खोलीत पसरला, डग्गा नाहीसा झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर अदलाबदल करा. तो एका बाजूला सरकलेला वाटला तर बॅलन्सचं बटण, किंवा स्पीकरच्या बाजूची भिंत तपासा.

जुनं घ्यायचं असेल तर फिलिप्सचे, कोलकात्याच्या सोनोडाइनचे जुने संच अधूनमधून विकायला निघतात, आणि चांगल्या अवस्थेतला संच नव्या स्वस्त संचाला सहज मागे टाकतो. घेण्याआधी अर्धा तास चालवून बघावा. बटण फिरवताना करकर येते का, एक बाजू मधेच जाते का, गाणं बंद असताना गुणगुण ऐकू येते का. वूफरचा कागद दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद आत दाबला की घासल्याचा आवाज यायला नको. फोमची पट्टी गेलेली असेल तर किंमत तेवढी कमी करून घ्यावी, ती नवीन बसवता येते.

आवाज किती ठेवायचा याचंही माप आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात घराबाहेरच्या आवाजाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दोन घरांची भिंत एकच असेल तर स्पीकर त्या भिंतीपासून दूर, समोरच्या बाजूला लावावेत, आणि स्टँडखाली रबराचे तुकडे ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षिततेची सीमा धरते. घरात पंचाहत्तरच्या आत राहिलं तर कान आयुष्यभर साथ देतात.

पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडायला लागल्या की अँप्लिफायरची पिन सॉकेटमधून काढून ठेवावी, गच्चीवरच्या अँटेनाची वायरही काढावी. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात चांगला स्टॅबिलायझर लावावा, आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवू नये, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं.